तो काय गिऱ्हाईक आहे?

सिफिलिस या लैंगिक आजाराची पहिली जखम दुखत नाही. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, जिथून जंतू आत शिरला तिथे एक गोल, कडक काठाचा व्रण उठतो. आग नाही, खाज नाही, बहुतेकदा पूही नाही. काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र तोवर रक्तात पसरलेला असतो. हा व्रण पुढच्या बाजूला, लिंगावर आला तर निदान नजरेला तरी पडतो. गुदद्वाराच्या आत आला तर कोण बघणार? ज्यांचा संबंध मागूनच येतो त्या तृतीयपंथी स्त्रियांमध्ये या आजाराची पहिली पायरी बहुतेक वेळा कुणालाही न कळताच निघून जाते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एचआयव्ही आणि लैंगिक आजार रोखण्याचं काम करणाऱ्या एका प्रकल्पात मी समुपदेशक आहे. लग्नसराईत एकदा आमच्याकडे त्यांच्यातलीच एक जण आली. दोन्ही तळहातांवर तांबूस, तपकिरी डाग होते. कुठल्याशा हळदीला लावलेली काळी मेंदी बाधली, अशी तिची पक्की समजूत होती. मेडिकलवाल्यानेही तेच म्हणून ॲलर्जीची गोळी आणि मलमाची ट्यूब दिली होती. मी तिला चप्पल काढायला सांगितलं. तळपायांवरही तसेच डाग होते, आणि तिथे तर मेंदी लागलीच नव्हती. मग ती आपणहून म्हणाली, "मॅडम, केसपण जातायत हो पुंजक्या-पुंजक्याने. तेल बदलून बघितलं." केसांबद्दल बोलताना तिचा आवाज जास्त कापरा झाला. वर्षानुवर्षं वाढवलेले केस गळणं हे तिच्यासाठी हातावरच्या डागांपेक्षा कितीतरी मोठं होतं.

सिफिलिसची ही दुसरी पायरी. तळहात-तळपायांवरचे न खाजणारे डाग, घशात चट्टे, बारीक ताप, पुंजक्याने गळणारे केस. हीदेखील आपोआप ओसरते, आणि मग आजार वर्षानुवर्षं गप्प राहतो. गप्प असतानाही रक्ताच्या तपासणीत तो सापडतो आणि उपचार झाला नाही तर पुढे मेंदू, हृदय, डोळे यांपर्यंत पोचतो. तिची सिफिलिससाठीची रक्तचाचणी, आरपीआर, १:६४ म्हणजे जोरात पॉझिटिव्ह आली, खात्रीची टीपीएचए चाचणीही पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह होती, ते ऐकून ती खुर्चीतच रडली.

उपचार जुनाच आहे, बेंझाथिन पेनिसिलिन. सुरुवातीच्या अवस्थेत २४ लाख युनिटांचा एकच डोस, दोन्ही कुल्ल्यांत निम्मा-निम्मा. लागण जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. औषध घट्ट असतं, सुई जाड लागते, आधी टेस्ट डोस द्यायचा आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. इतकी वर्षं झाली तरी हा जंतू पेनिसिलिनला दबतो, हे वैद्यकशास्त्रातलं मोठंच भाग्य म्हणायचं. तरीही हे इंजेक्शन मिळवताना दमछाक होते. कधी साठा नसतो, कधी डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीने द्यायला धजत नाहीत. दिलं तरी एक गोष्ट सांगायची हमखास राहते: त्या रात्री ताप येऊ शकतो, अंग मोडून येतं, डाग जास्त लाल दिसतात. जंतू मरताना शरीराची ही प्रतिक्रिया असते आणि दिवसभरात उतरते. हे आधी सांगितलं नसेल तर डेऱ्यावर, म्हणजे गुरूच्या हाताखाली त्या एकत्र राहतात तिथे, बातमी पसरते की अमक्या दवाखान्यात चुकीची सुई मारली. पुढचे कित्येक महिने तिथून कुणी फिरकत नाही.

आता आकडे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२१ च्या पाहणीत हिजडा आणि ट्रान्सजेंडर समूहात एचआयव्हीचं प्रमाण ३.७८ टक्के होतं. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये त्या सुमारास ते ०.२१ टक्के होतं. जवळजवळ अठरा पट. २०१७ च्या पाहणीत या समूहाचा आकडा ३.१४ टक्के होता, म्हणजे चार वर्षांत तो खाली आला नाही. आणि ही पाहणी होते ती प्रकल्पांत नोंद झालेल्यांमधून. ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, त्या या आकड्यात नाहीत. जगभरच्या १५ देशांतले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ट्रान्सजेंडर स्त्रियांमधलं एचआयव्हीचं प्रमाण १९.१ टक्के निघालं होतं. कितीतरी काळ तर आपल्याकडे त्यांना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या रकान्यातच मोजलं जायचं.

हे आकडे कुठल्याही व्याख्यानात सांगितले की समोरून हमखास एक वाक्य येतं: "त्यांचं राहणंच तसं असतं ना." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. गुदमार्गाचं अस्तर पातळ असतं, त्याला स्वतःचा ओलावा नसतो, बारीक चिरा पटकन पडतात. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला, तर योनीमार्गे लागण होण्याची शक्यता १०,००० वेळांमागे अंदाजे ८ धरतात आणि गुदमार्गे घेणाऱ्याला १३८. ही शरीराची रचना आहे, तुमचीही आणि माझीही. त्यात सिफिलिसचा व्रण किंवा गनोरिया या दुसऱ्या लैंगिक आजाराची सूज असली की एचआयव्हीला दार आणखी उघडं मिळतं. आणि खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांनी लॅटेक्सचा कंडोम फाटतो. कंडोमबरोबर पाण्याचा बेस असलेलं जेल द्यावंच लागतं. प्रकल्पाला कंडोमची खोकी येतात आणि जेलची पाकिटं महिनोन्महिने येत नाहीत, असं झालं की मला झोप लागत नाही.

राहिला प्रश्न राहणीमानाचा. नवी मुंबईतल्या तुर्भ्याचा परिसर डोळ्यांसमोर आणा. एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, रात्रभर भाजीपाल्याचे ट्रक येतात. ट्रक टर्मिनलच्या आसपास चालक दोन-दोन दिवस मालाची वाट बघत थांबतात. फ्लायओव्हरखाली, सर्व्हिस रोडच्या कडेला, गाड्यांच्या दोन रांगांमधल्या बोळात धंदा चालतो. तिकडे घोडबंदर रोडला, शीळफाट्याला, भिवंडी बायपासला हेच चित्र. दिवा नाही, पाणी नाही, आडोसा म्हणजे ट्रकचं चाक. वेळ मोजका, कारण गस्तीची गाडी कधी येईल याचा नेम नाही. पर्समध्ये कंडोमची पाकिटं जास्त सापडली तर तोच पुरावा धरून दमदाटी होते, म्हणून मुली एक-दोनच बरोबर ठेवतात. तिसरं गिऱ्हाईक आलं की संपलं. बिना कंडोमचे दुप्पट देतो म्हणणारे असतात. दारू प्यायलेले असतात, नाही म्हटलं तर मारणारेही असतात. महिनाअखेरीला खोलीचं भाडं आणि गुरूकडे द्यायचे पैसे एकत्र आले की नाही म्हणणं किती जड जातं, हे मी रोज ऐकते.

सगळ्याच तृतीयपंथी स्त्रिया धंदा करत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. कुणी सिग्नलला आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकल गाड्यांत मांगती करतात, म्हणजे पैसे मागतात, कुणी फक्त बधाईला, म्हणजे लग्नाला-बारशाला आशीर्वाद द्यायला जातात, कुणी ब्यूटी पार्लर चालवतात. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत गळ्यात ओळखपत्र अडकवून काम करणाऱ्याही आता भेटतात. या शेवटच्या मुली ॲपवरून जोडीदार शोधतात, आमच्या सेंटरची पायरी चढत नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं याचं उत्तर अजून आम्हाला नीट सापडलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते गिरियाबद्दल. गिरिया म्हणजे कायमचा माणूस, नवरा म्हणा. कुणी रिक्षा चालवतो, कुणी मार्केटमध्ये हमाली करतो, बऱ्याच जणांचं गावाकडे लग्नही झालेलं असतं. त्या मेंदीवाल्या ताईला मी नेहमीचा प्रश्न विचारला, कंडोम वापरता का? "सगळ्यांबरोबर वापरते मॅडम. रिकामी पाकिटं मोजून दाखवू?" आणि घरी? ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखी.

"त्याच्याबरोबर कशाला? तो काय गिऱ्हाईक आहे?"

हे उत्तर मी इतक्या जणींकडून ऐकलंय की ते या सगळ्या विषयाचं मर्म आहे असं मला वाटतं. लिंगपरिवर्तनाची शस्त्रक्रिया, ओळखपत्र, कोर्टाचा निकाल, यांपैकी काही हातात असो वा नसो, "मी याची बायको आहे" हे तिला रोज पटवून देणारा घरात एकच माणूस असतो. मंगळसूत्र त्याच्या नावाचं असतं. वटपौर्णिमेचा उपास त्याच्यासाठी असतो. आईबापांनी घराबाहेर काढल्यावर, गावाने तोंड फिरवल्यावर जो माणूस हक्काने जेवायला वाढ म्हणतो, त्याच्यापुढे कंडोमचं पाकीट धरायचं म्हणजे त्याला रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं करायचं. तिच्या हिशेबात तो अपमान आहे. त्याच्याही हिशेबात आहे. काही जण तर त्यावरून हात उचलतात: माझ्यावर संशय घेतेस की तूच कुठून घेऊन आलीस?

म्हणून "कंडोम वापरा" एवढं सांगून मोकळं होणाऱ्या पोस्टरवर माझा विश्वास नाही. ती बाहेर जपते तेवढं कुणी जपत नाही. धोका तिच्या घरातल्या प्रेमातून येतो, आणि प्रेम सोड असं सांगायचा मला अधिकार नाही. सांगता येतं ते इतकंच की दोघांची तपासणी एकत्र करू. सिफिलिस झालेल्या एकटीला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि तो बिनउपचाराचा राहिला, तर काही आठवड्यांत ती परत पहिल्या पायरीवर. आणि त्याची गावाकडची बायको? तिला तर कुणी मोजतच नाही. गरोदरपणात तिची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसचीच रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली की तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं जातं.

गिरियाला आणायला आमची पीअर गेली, मी नाही. पीअर म्हणजे समाजातलीच, स्वतः धंदा केलेली, आता प्रकल्पाच्या तुटपुंज्या मानधनावर काम करणारी. तिने काही समजावलं-बिमजावलं नाही. त्याच्या रिक्षात बसली, भाडं दिलं आणि उतरताना म्हणाली, "भाऊजी, तिला औषध चालू आहे. तुम्ही नाही घेतलंत तर तिचं वाया जाईल." तो दुसऱ्याच दिवशी आला. माझ्याशी नजर न मिळवता बसला, पण आला. त्याचीही आरपीआर पॉझिटिव्ह होती. त्या पीअरला माझ्यासारखी पदवी नाही. या कामातली खरी विद्या मात्र तिच्याकडेच आहे.

तपासणीच्या खोलीतलं चित्र फार वाईट आहे. सरकारी यंत्रणेत लैंगिक आजारांवर लक्षणं बघून औषध देतात. रंगीत किटं असतात: स्रावाला करडं, व्रणाला पांढरं, हर्पिसला लाल. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत लाखमोलाची ठरली, त्याबद्दल वाद नाही. पण घशातला आणि गुदमार्गातला गनोरिया किंवा क्लॅमिडिया बहुतेकदा काही लक्षणच दाखवत नाही. लक्षण नाही, म्हणजे किट नाही. लघवीचा नमुना घेतला तर तो निगेटिव्ह येतो, कारण जंतू लघवीच्या वाटेवर नसतोच. घशातून आणि गुदमार्गातून स्वॅब घेऊन नॅट, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी केली तरच तो सापडतो. त्यासाठी आधी डॉक्टरांनी विचारायला हवं की संबंध कसा येतो, आणि गुदद्वाराच्या आत बघायची नळी, प्रॉक्टोस्कोप, हातात घ्यायला हवा. एका दवाखान्यात माझ्यासमोर डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच, "काय त्रास आहे, तिथे आहे का, बरं," म्हणून चिठ्ठी लिहिली होती. हातमोज्यांचं खोकं टेबलावरच होतं. नाव पुकारताना आधार कार्डावरचं पुरुषी नाव मोठ्याने पुकारलं गेलं तेव्हा सगळी ओपीडी वळून बघायला लागली. ती उठली नाही. दुसरा नंबर पुकारला गेला. अशी एक सकाळ एकीच्या वाट्याला आली की आणखी दहा जणी घरीच थांबतात.

निर्वाण, म्हणजे लिंग काढून टाकणं, झालेल्यांची अडचण आणखी वेगळी. लक्षणांवरून औषध ठरवायचे तक्ते एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी. निर्वाणानंतर लघवीची वाट अरुंद होते, जळजळ वारंवार होते, आणि ती लागणीमुळे आहे की जुन्या जखमेच्या आकसण्यामुळे, हे बघितल्याशिवाय कळत नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या पंधराव्या कलमात त्यांच्यासाठी एचआयव्ही निरीक्षणाची वेगळी केंद्रं काढण्याचं आणि त्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घेण्याचं बंधन सरकारवर घातलेलं आहे. कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात एकदा हे नीट घडताना दिसलं होतं. २०२१ मध्ये हैदराबादला ट्रान्सजेंडर समाजासाठी मित्र क्लिनिक सुरू झालं आणि त्याच मालिकेतलं एक कल्याणला, एक पुण्याला. समाजातलीच माणसं तिथे कामाला होती. हार्मोन्सचा सल्ला, त्वचेचे उपचार, मानसिक आरोग्य, एचआयव्ही आणि लैंगिक आजारांची तपासणी, सगळं एका छताखाली. याचं महत्त्व बाहेरच्यांना पटकन कळत नाही. चेहऱ्यावरचे केस कमी करायचे, छाती वाढवायची, या गरजेने मुलगी आपणहून येते, आणि आलीच आहे तर रक्तही देऊन जाते. नाहीतर मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं घेऊन मनानेच हार्मोन्स सुरू करतात. कुठल्या डोसने रक्ताची गुठळी होऊ शकते हे कुणी सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिन्ही क्लिनिकं बंद पडली. जिल्ह्यातल्या सगळ्यात नाजूक समूहाचा दवाखाना दुसऱ्या देशाच्या खजिन्यावर अवलंबून होता, आणि तो बंद झाल्यावर इथल्या कुठल्या सभागृहात गदारोळ झाल्याचं मला आठवत नाही. याचं दुःख मला अजून आहे.

साधनं नाहीत असंही नाही. एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात, रोजची एक गोळी. ती नीट घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून दुसऱ्याला एचआयव्ही लागत नाही. ही गोष्ट मी गिरिया समोर असतानाच सांगते, कारण घरात तिचा उपयोग जास्त. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं बरं, पेप, म्हणजे लागण रोखणारं औषध, सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. एचआयव्ही लागू नये म्हणून आधीपासून घ्यायच्या प्रेप या गोळीबद्दल नॅकोने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण माझ्याकडे चौकशी करणाऱ्या बहुतेकींना ती गोळी पदरच्या पैशाने घ्यावी लागते. हार्मोन्स बिघडतील म्हणून त्या घाबरतात. प्रेपने हार्मोन्सचा परिणाम कमी होत नाही. उलट इस्ट्रोजेन चालू असेल तर प्रेप रोजच घ्यावी, अधूनमधून घेऊन चालत नाही. प्रेपने सिफिलिस थांबत नाही, हेही लगेच जोडावं लागतं. हेपॅटायटिस बीची लस तर फार जणींना कुणी सुचवलेलीच नसते. तपासणी सक्तीने करता येत नाही आणि निकाल सहसा संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं संरक्षण आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून नाव न सांगताही विचारता येतं.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातून दोनदा संध्याकाळची ओपीडी चालवा. सकाळची नको. रात्रभर रस्त्यावर असलेली बाई सकाळी नऊला केसपेपरच्या रांगेत उभी राहू शकत नाही. दुपारी चारला सुरू करा, आठला बंद करा. केसपेपरवर ती सांगेल ते नाव लिहा. खोलीला आतून कडी असू दे. प्रॉक्टोस्कोप, घशाचे आणि गुदमार्गाचे स्वॅब, पेनिसिलिनचा न संपणारा साठा, जेलची पाकिटं आणि पगारावर नेमलेली एक तृतीयपंथी समुपदेशक एवढं ठेवा. गिरियांना यायला रविवार बरा पडतो, त्यामुळे दोनातला एक दिवस रविवार धरा. जागा तुर्भे स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ असावी, कारण ठाण्याहून वाशीला आणि पनवेलला जाणाऱ्या दोन्ही गाड्या तिथे थांबतात, आणि कल्याणहून येणारीला ठाण्याला एकदाच गाडी बदलावी लागेल.